चवथीच्या रंगाआधी भिंत तपासून घ्यावी: फोंडा तालुक्यातील एका सेवेचे परीक्षण

आमच्या घरात ज्या खोलीत गणपती पुजला जातो, त्या खोलीची मागची भिंत दरवर्षी आषाढात ओल धरायची, श्रावणात तिचे पोपडे सुटायचे आणि चवथीच्या आठ दिवस आधी ते खरवडून आम्ही तिला नवा रंग द्यायचो. हा क्रम सुमारे पंधरा वर्षे चालू होता. मखर भिंतीला लागून मांडले की डाग झाकला जाई आणि विसर्जनानंतर मखर हलवले की नव्या रंगाखाली पुन्हा फुगवटे आलेले दिसत. ही भिंत अखेर कोणी नीट तपासली, काय सांगितले, त्यातले काय खरे ठरले आणि कुठे मला त्रास झाला, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण गोव्यातल्या असंख्य घरांत हाच क्रम चालू असलेला मी पाहतो.

घर बांदोड्याजवळ आहे. जुना भाग जांभ्या चिऱ्यांचा असून चिरे मातीत बसवलेले आहेत. भिंती दीड फूट जाडीच्या आहेत आणि वर मंगळुरी कौले आहेत. पुढचा भाग वडिलांनी १९९४ साली बांधला. तो स्लॅबचा आणि सिमेंटच्या गिलाव्याचा आहे. २०२१ साली एका ठेकेदाराने जुन्या भिंतीला आतल्या बाजूने रसायनाचे दोन हात आणि त्यावर ओल रोखणारा म्हणून महागडा रंग दिला. पाच वर्षांची हमीही लिहून दिली. पुढच्याच पावसाळ्यात ओल त्या थराच्या वर, पूर्वीपेक्षा फूटभर उंचीवर उगवली. ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले. त्याने वापरलेला माल खोटा नव्हता, हे मला नंतर कळले. भिंतीत पाणी कुठून शिरते हे न पाहता ते बाहेर पडण्याची वाट तेवढी त्याने बंद केली होती, आणि जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात कोंडलेले पाणी केशाकर्षणाने वर चढत जाऊन जिथे मोकळा पृष्ठभाग मिळेल तिथे बाहेर पडते.

ज्या सेवेचे हे परीक्षण आहे ती स्थापत्य अभियंता असलेले एक पतीपत्नी चालवतात. ते घराची ओल, गळती आणि उष्णता यांची तपासणी करून अहवाल देतात आणि सांगितल्यास दुरुस्तीवर देखरेख करतात. वर्षाला मोजकीच घरे हाती घेत असल्यामुळे नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. तपासणीचे त्यांनी ८,५०० रुपये घेतले. त्यात दोन भेटी होत्या, एक मे महिन्यात आणि दुसरी भर जुलैमध्ये. कोरड्या दिवसांत पाहिलेल्या भिंतीवरून निष्कर्ष काढायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. ते रंग किंवा रसायने विकत नाहीत आणि कोणत्याही कंपनीकडून दलाली घेत नाहीत. माझ्या मते या सेवेची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे, कारण आपल्याकडे भिंतीची ओल पाहायला येणारा माणूस बहुधा डबा विकायलाच आलेला असतो.

पहिल्या भेटीत त्यांनी कोणतेही विद्युत उपकरण बाहेर काढले नाही. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आतल्या फरशीची पातळी त्यांनी बाहेरच्या अंगणात नेली आणि आम्ही सगळे थक्क झालो. आजोबांच्या वेळी अंगणापासून जोते दीड फूट उंच होते. मधल्या काळात दोनदा माती पडली, मग कोबा झाला आणि २०१० च्या सुमारास मीच हौसेने त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. त्या भिंतीपाशी आता जोत्याची उंची जेमतेम चार इंच उरली होती. शिवाय पाणसळ ठेवल्यावर ब्लॉकांचा ढाळ भिंतीकडेच असल्याचे दिसले. कौलांवरून पडणारी वळचणीची धार त्या ब्लॉकांवर आपटून भिंतीवर उडत होती आणि खालचे पाणी सांध्यांतून थेट पायाकडे जात होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे ढाळ अर्धा इंच चुकला तरी त्याचा परिणाम किती मोठा होतो हे वेगळे सांगायला नको.

जुलैच्या भेटीत त्यांनी केलेली एक साधी चाचणी मला सर्वांत पटली, आणि ती कोणालाही घरी करता येईल. फूटभर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक घेऊन ते चारही कडांनी भिंतीला चिकटपट्टीने घट्ट लावायचे आणि दोन दिवस तसेच ठेवायचे. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव जमले तर खोलीतली दमट हवा थंड पृष्ठभागावर निवते आहे. आम्ही असे तीन चौकोन लावले. गणपतीच्या खोलीतल्या चौकोनाच्या आतल्या बाजूला दुसऱ्याच सकाळी बारीक थेंबांची दाटी झाली होती आणि खालच्या कडेशी ते एकत्र येऊन चिकटपट्टीवर साचले होते. माझी आई खुर्ची ओढून त्यासमोर बसली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षे आम्ही भिंतीला अंगरखा चढवत होतो आणि ती आतून भिजलेलीच होती." अभियंता ताई तिला म्हणाल्या, "आजी, तुमच्या सासऱ्यांच्या वेळीही ती थोडी भिजत असणार, पण तेव्हा ती वाळतही होती."

आईने त्यावर आठवण सांगितली की पूर्वी पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांच्या झडी बांधत आणि चवथीपूर्वी आतून चुन्याची सफेदी होई. ताईंनी हा धागा पकडून जे समजावले, ते त्यांच्या छापील अहवालाहूनही मला मोलाचे वाटते. चुन्याची सफेदी आणि चुन्याचा गिलावा पाण्याची वाफ आरपार जाऊ देतात. त्यामुळे भर पावसाळ्यात, भिंत सर्वाधिक ओली असताना सफेदी केली तरी भिंतीचे काही बिघडत नव्हते आणि दिवाळीनंतर ती आपोआप सुकत असे. रंगकामाची वेळ आपण परंपरेने तीच ठेवली, पण रंग मात्र बदलला. आता त्याच श्रावणात, तितक्याच ओल्या भिंतीवर आपण प्लास्टिक इमल्शन चढवतो. ते वाफेला वाट देत नाही, मागचा ओलावा त्याला ढकलत राहतो आणि फुगा येतो. पाण्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या किंवा सिमेंटच्या थरामागे साचून स्फटिक बनतात आणि वाढणारे ते स्फटिक पृष्ठभाग फोडून काढतात. त्यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. गोव्यातल्या रंगाच्या दुकानांत सर्वाधिक गर्दी चवथीपूर्वीच्या पंधरवड्यात असते, ही गोष्ट या दृष्टीने मला आता अस्वस्थ करते.

ओल मोजण्याच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. दोन टोकदार सुयांचे जे मापक बाजारात मिळते, ते विद्युत रोधावरून आकडा दाखवते आणि मुळात लाकडासाठी बेतलेले असते. भिंतीत क्षार असतील तर ते फसते, असे सांगून त्यांनी ते केवळ कुठे अधिक आणि कुठे कमी एवढे पाहण्यापुरते वापरले. खरा आकडा काढण्यासाठी भिंतीला बारीक भोक पाडून आतली भुकटी काढली आणि बंद डब्यात ती कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवली. ओलाव्याशी संयोग होऊन जो वायू बनतो त्याच्या दाबावरून ओलाव्याचे प्रमाण कळते. जमिनीपासून एक फुटावर ते १४ टक्के निघाले, पाच फुटांवर ४ टक्के. छपरातून गळती असती तर हे चित्र उलटे दिसले असते.

उपाय त्यांनी क्रमाने सांगितले आणि क्रम मोडायचा नाही अशी अट घातली. प्रथम भिंतीलगतचे दोन फुटांचे ब्लॉक काढून चर खणायचा, त्यात भोके पाडलेला पाइप योग्य ढाळाने टाकून वर खडी भरायची आणि वळचणीला पन्हाळ लावायचा. त्यानंतर सिमेंटचा गिलावा आत आणि बाहेर चार फुटांपर्यंत काढून टाकायचा आणि भिंत उघडी ठेवायची. जाड भिंत सुकायला इंचाला साधारण एक महिना लागतो असा ठोकताळा आहे. दोन्ही बाजू उघड्या असल्या तरी एका हिवाळ्यात सगळे सुकणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. शेवटी सुरखी मिसळलेल्या चुन्याचा गिलावा करायचा. नुसता चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू कठीण होतो आणि आपल्या दमट हवेत त्याला फार वेळ लागतो. भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, चुन्याशी संयोग पावून ओलसर जागीही त्याला पकड आणते. भिंतीत रसायन टोचून ओल अडवण्याचा उपाय मी सुचवला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत जागोजाग पोकळ्या असतात, टोचलेले रसायन सलग थर बनवील याची खात्री देता येत नाही आणि आधी चर खणून भिंतीलगतचे पाणी दूर नेल्यावर कदाचित त्याची गरजच पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी अडचण नव्या भागातल्या झोपायच्या खोलीची होती आणि तिचे कारण अगदी निराळे निघाले. त्या खोलीत दीड टनाचा एसी आहे, नैर्ऋत्येकडील भिंतीला व्हिनाइलचा वॉलपेपर होता आणि भिंतीला खेटून कपाट होते. कपाटामागे दर पावसाळ्यात काळी बुरशी येई आणि कपड्यांना कुबट वास लागे. आम्ही पाइप फुटला असावा असे धरून न्हाणीघराची फरशीसुद्धा एकदा उखडली होती. ताईंच्या यजमानांनी खोलीत आठवडाभर तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे छोटे यंत्र ठेवले आणि कागदावर हिशेब मांडून दाखवला. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २६ अंश येतो. आम्ही एसी २१ वर ठेवत होतो. म्हणजे खोलीतल्या भिंतीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा बराच थंड राहत होता आणि पावसाने भिजलेल्या बाहेरच्या भिंतीतून आत सरकणारी वाफ वॉलपेपरच्या मागच्या बाजूस अडून तिथेच पाणी होत होती. थंड देशांत वाफ घराच्या उबेतून बाहेरच्या थंडीकडे जाते, म्हणून तिथे वाफेचा अडसर आतल्या बाजूला घालतात. आपल्याकडे एसीच्या खोलीत प्रवाह बाहेरून आत असतो. तिथली पुस्तके वाचून किंवा तिथले साहित्य आणून जसेच्या तसे इथे वापरले तर भिंतीच्या चुकीच्या बाजूला प्लास्टिक बसते, आणि व्हिनाइलचा वॉलपेपर म्हणजे नकळत बसवलेले तसलेच प्लास्टिक आहे.

लहान खोलीला मोठा एसी घेण्याचा तोटाही मला तेव्हाच कळला. तो खोली झपाट्याने थंड करून बंद पडतो, आणि हवेतला ओलावा काढण्यासाठी जितका वेळ त्याने सलग चालायला हवे तितका तो चालतच नाही. परिणामी खोली थंड पण चिकट राहते, आणि ती चिकचिक जावी म्हणून माणूस तापमान आणखी खाली आणतो. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या तारांकित एसींचे मूळ, म्हणजे कारखान्यातूनच लावून दिलेले तापमान २४ अंश ठेवणे उत्पादकांना बंधनकारक आहे. आम्ही आता २६ वर ठेवतो आणि पंखा लावतो. वॉलपेपर काढला, कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घेतले आणि बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगा भरून घेतल्या. या खोलीचा एकूण खर्च सात हजारांच्या आत राहिला आणि गेल्या पावसाळ्यात तिथे बुरशीचा ठिपकाही आला नाही.

घरात कपडे वाळवण्याबद्दलही त्यांनी विचारले, आणि ते त्यांनी विचारले याचे मला फार बरे वाटले, कारण गोव्यातल्या पावसाळ्यात हा प्रत्येक गृहिणीचा रोजचा प्रश्न आहे. एका धुण्यातले कपडे आत वाळले की दोनेक लिटर पाणी घरच्या हवेत जाते. आमच्या दोऱ्या माजघरात होत्या. त्या त्यांनी मागच्या पडवीत हलवायला लावल्या आणि मधले दार बंद ठेवायला सांगितले.

स्लॅबच्या बाबतीत त्यांचे काम तुलनेने थोडक्यात आटोपले. छोट्या हातोडीने छज्जे ठोकत त्यांनी पोकळ आवाज येणाऱ्या जागा खडूने आखल्या. एका ठिकाणी गिलावा हाताने सुटून आला आणि आतली सळई पापुद्रे धरलेली दिसली. तिच्यावर काँक्रीटचे आवरण जेमतेम अर्धा इंच होते. आयएस ४५६ या भारतीय मानकात अगदी सौम्य वातावरणासाठीसुद्धा किमान २० मिलिमीटर आवरण सांगितले आहे आणि हवामान जसजसे प्रतिकूल तसतसे ते वाढवायचे असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. अशा छज्जावर नुसता सिमेंटचा हात फिरवणे म्हणजे पुढच्या दोन पावसाळ्यांपुरती समजूत काढणे होय, हे त्यांचे मत मी मान्य करतो.

उष्णतेचा मुद्दा मात्र त्यांनी अधिक विस्ताराने मांडायला हवा होता. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली आणलेल्या इको निवास संहितेनुसार छपरातून उष्णता झिरपण्याचा दर, म्हणजे यू मूल्य, प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॉटपेक्षा अधिक नसावा. नुसत्या सहा इंची स्लॅबचा दर त्याच्या सुमारे तिप्पट असतो. उष्ण आणि दमट प्रदेशासाठी, ज्यात गोवा येतो, याच संहितेत उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र फरशीच्या किमान १६.६६ टक्के असावे असेही म्हटले आहे. आमच्या नव्या भागातल्या दोन खोल्या या मापात बसत नाहीत हे अहवालात एका ओळीत नोंदवले आहे, पण त्यावर काय करावे हे लिहिलेले नाही. स्लॅबवर पत्र्याचे छप्पर घालायचे असल्यास चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे मधली तापलेली हवा वाहून जाईल, एवढे त्यांनी तोंडी सांगितले. शेजारीपाजारी पत्रा घालून बाजू बंद करून खोली काढण्याकडे कल असतो, त्यामुळे हे लेखी आणि आकृतीसह असते तर कुटुंबात माझा वाद वाचला असता.

आता तक्रारी. अहवाल बावीस पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत होता. ज्या गवंड्याने काम करायचे आणि ज्या आईने त्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्या दोघांनाही त्याचा उपयोग नव्हता. मी आग्रह धरल्यावर त्यांनी मराठीत हाताने लिहिलेली दोन पाने आणि भिंतीचा छेद दाखवणारी आकृती दिली, आणि प्रत्यक्षात सगळे काम त्या दोन पानांवरच झाले. ती मागावी लागू नयेत. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चुन्याचे काम येणारा गवंडी त्यांनी जानेवारीत देण्याचे कबूल केले होते, तो एप्रिलच्या मध्यात आला. २०२५ साली पाऊस मेमध्येच सुरू झाला आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा शेवटचा हात कच्चा असतानाच धुऊन गेला. पहाटे बाहेर येऊन पाहिले तेव्हा जोत्यावर दुधासारखे पाणी ओघळत होते. गोणपाट बांधून वाचवण्याइतकाही वेळ मिळाला नाही. त्यांनी चूक मान्य केली आणि नोव्हेंबरमध्ये ती भिंत पुन्हा करून देताना मजुरी घेतली नाही, पण चुना, वाळू आणि सुरखीचे पैसे मला दुसऱ्यांदा द्यावे लागले. चुन्याचे काम फेब्रुवारीपर्यंत संपणार नसेल तर ते त्या वर्षी हाती घेऊ नये, असे मी कोणालाही सांगेन आणि त्यांनाही तसे लिहून कळवले आहे.

खर्चाचा अंदाज हवा असणाऱ्यांसाठी सांगतो की तपासणीची फी वगळून चर, पन्हाळ, गिलावा काढणे आणि नवा गिलावा करणे मिळून आम्हाला १ लाख ६२ हजार रुपये लागले. सिमेंटच्या कामापेक्षा हे महाग आहे. पंधरा वर्षांत रंग आणि रसायनांवर मी किती घातले त्याचा हिशेब वहीतून काढला तेव्हा तो आकडा याहून थोडा जास्तच निघाला.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी पुन्हा येऊन त्याच जागी भोक पाडून मोजणी केली. एक फुटावरचे प्रमाण १४ वरून ६ टक्क्यांवर आले आहे. भिंत अजून पूर्ण कोरडी नाही आणि खालच्या हातभर पट्ट्यात पांढरे क्षार अजूनही बाहेर येतात. ते कोरड्या ब्रशने झाडायचे, पाण्याने पुसायचे नाहीत, अशी त्यांची सूचना आहे, कारण पुसल्यास ते विरघळून परत आत जातात. गेल्या चवथीला त्या भिंतीला आम्ही दुकानातला रंग दिला नाही. आईने चुन्याच्या निवळीत थोडी नीळ घालून स्वतः एक हात मारून घेतला. मखर या वेळी भिंतीपासून वीतभर पुढे मांडले होते, आणि अनंत चतुर्दशीनंतर ते हलवले तेव्हा मागचा चुना जसाच्या तसा होता. छज्जांचे काम येत्या डिसेंबरात त्यांच्याच देखरेखीखाली करायचे ठरले आहे, आणि या वेळी मराठीतली पाने आधी मिळाल्यावरच मी आगाऊ रक्कम देणार आहे.